दिवाळीचा किल्ला: स्पर्धा हवी की नुसती मोकळी माती?

मुरूमवाला (सातारा)
दिवाळी आली की आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ला स्पर्धांचे फलक लागतात. खऱ्या गडाची हुबेहूब प्रतिकृती, शेजारी माहितीफलक, परीक्षकांपुढे तोंडी माहिती. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी हा प्रकार बंद करावा असं माझं मत. हुबेहूबपणाला गुण मिळायला लागले की बाप थर्माकोल कापत बसतो आणि पोरगं पाणी आणून देण्यापुरतं उरतं. त्यापेक्षा माती टाका आणि बाजूला व्हा. चार बाय चार फुटांच्या किल्ल्याला आठ-दहा घमेली माती, तीसेक फुटक्या विटा आणि दोन जुनी पोती पुरतात. काय बांधायचं ते पोरं ठरवतील. तो गड निघो, धरण निघो नाहीतर एसटी स्टँड.

गडवाट (कराड)
अजिबात पटलं नाही. नुसती माती दिली की दरवर्षी तोच ढिगारा, तीच गुहा आणि गुहेत तोच वाघ. प्रतापगडाचा महादरवाजा समोरून दिसत नाही, बुरुजांच्या आड वळून जावं लागतं. असं का, हा प्रश्न कुणीतरी विचारल्याशिवाय सात वर्षांच्या मुलाला पडत नाही. प्रतिकृती करताना तो पडतो.
आणि 'कल्पनाखेळाने', म्हणजे खोटं-खोटं खेळल्याने, 'बुद्धी वाढते' हे आपण गृहीत धरून चाललोय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. कल्पनाखेळामुळेच विकास होतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

बालवाडीताई (मिरज)
गडवाटदादा, तो आढावा पुढेही वाचा. पुरावा कमी आहे म्हणून मोठ्यांनी शिकवणं चांगलं ठरतं असा अर्थ काढू नका, असं त्यातच बजावलंय. मुलांच्या कलाने, हातांनी करत शिकण्याची बाजूच त्यांनी घेतली आहे.
किल्ल्यात शिकायचं ते फलकावर नसतं. चार ते अकरा वयाची पाच-सहा मुलं एकत्र आली की निम्मा वेळ 'रस्ता इथून नको, तिथून' यातच जातो, आणि जाऊ द्यावा. खापराचा तुकडा तोफ होतो, चिंचोके धान्य होतात. ब्रिटिश कलाकार सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये 'सुट्या भागां'बद्दल हेच मांडलं: हलवता, जोडता, मोडता येणारं साहित्य जितकं जास्त, तितका शोध जास्त. प्लास्टरचा तयार किल्ला आणला की फक्त मावळे मांडायचं काम राहतं.
मोठ्यांनी बोलायचंच असेल तर खेळ अडल्यावर एक प्रश्न टाकावा, 'गडावर पाणी कुठून येतं?' आणि तिथून उठावं. उत्तराची वाट बघत उभं राहिलं की मुलांना ती परीक्षा वाटते.

काळीमाती (वाळवा)
वाद चालू द्या, पण निम्मे किल्ले पहिल्याच रात्री का ढासळतात ते बघा. आमच्याकडची काळी माती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. एक घमेलं काळी, दोन घमेली चाळलेला मुरूम, वर मूठभर भुसा, असं मिसळा. आधी विटा रचा, मग पातळ चिखलात बुडवलेलं पोतं अंथरा आणि त्यावर अर्ध्या बोटाचा थर द्या. अर्धा दिवस सुकल्यावर दुसरा. एकदम जाड थोपलं की पोपडा सुटतो.
हिरवळीला अळीव अर्धा तास भिजवा. बुळबुळीत झालं की उतारावरही चिकटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवं दिसतं, म्हणून वसुबारसेच्या आधीच टाका. पाणी शिंपडायचं. ओतलं की बिया खाली येतात आणि सगळी हिरवळ खंदकात उगवते.
सिमेंट मात्र पोरांच्या हाती नको, ओल्या सिमेंटने कातडी जळते. प्लास्टर घट्ट होताना तापतं. आणि शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्बने किल्ला उडवायची हौस तर बंदच. विटांचे तुकडे डोळ्यात जातात.

गडवाट (कराड)
बघा, 'मोकळ्या' खेळाला डझनभर सूचना झाल्या की!

मुरूमवाला (सातारा)
सिमेंट आणि बॉम्ब सोडले तर बाकी सूचना आपल्यासाठी आहेत, मुलांसाठी नाहीत. मिश्रण तयार ठेवणं आपलं काम. सात-आठ वर्षांच्या पुढच्यांना तेही सांगू नका. दोन वेगवेगळे ढीग ठेवा. काळा ढीग तडकला की तीच मुरूम आणतात. तडकलेला बुरूज रात्री गुपचूप लिंपून ठेवणारे पालक सगळ्यात जास्त नुकसान करतात.

विश्रामबागकर (सांगली)
फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? पार्किंगमध्ये माती टाकली की गटार तुंबतं आणि सचिव ओरडतो.

काळीमाती (वाळवा)
खाली सहा बाय सहाची ताडपत्री, कडेने एक वीट उंच बांध. तुळशीचं लग्न झालं की माती पोत्यात भरून कुंड्यांना. भरायला पोरांनाच लावा, तोही तासाभराचा खेळ होतो.

गडवाट (कराड)
ठीक, दहाच्या आतल्यांना स्पर्धेतून वगळू. मोठ्यांची राहील, पण माहितीफलकाला गुण नाहीत. परीक्षकांनी एकच विचारायचं: हा पाडून परत बांधायचा असेल तर काय बदलशील? हे बापाने बांधलेल्या किल्ल्याबद्दल पोराला सांगता येणार नाही.

बालवाडीताई (मिरज)
पुढच्या वर्षी बाप तेही पाठ करून घेतील. प्रश्न दरवर्षी बदला.