लॅटिन जॅझचा बाप डिझी गिलेस्पी नव्हे, मारिओ बाउसा

कोथरूडचा_कॉर्नेट
लॅटिन जॅझचा, म्हणजे क्यूबन ताल आणि जॅझ यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की लोक फुगलेल्या गालांच्या अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचा फोटो लावून मोकळे होतात. १९४७ साली चानो पोसो हा क्यूबन कोंगावादक (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल) घेऊन तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला आणि तिथून सगळं सुरू झालं, ही ठरलेली गोष्ट. माझ्या मते श्रेय भलत्याच ट्रम्पेटवाल्याला मिळालंय.

मारिओ बाउसा क्यूबातल्या हवानाचा, जन्म १९११. तिथल्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात पोरवयातच क्लॅरिनेट वाजवायचा. १९३० मध्ये न्यूयॉर्कला आला, ट्रम्पेट हातात घेतलं, ड्रमर चिक वेबच्या जॅझ बँडचा संगीत दिग्दर्शक झाला, मग गायक कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये गेला. १९४० मध्ये मेहुणा माचितो याच्याबरोबर 'आफ्रो-क्यूबन्स' बँड उभा केला. त्या काळात, त्या शहरात, बँडच्या नावातच 'आफ्रो' लावायला छाती लागते! १९४३ मध्ये बाउसाची 'टांगा' ही रचना आली: खाली अस्सल क्यूबन ताल, वर जॅझचे सोलो, म्हणजे एकेकट्या वादकाची वादनं. कार्नेगी हॉलच्या चार वर्षं आधी. आणि चानो पोसोची डिझीशी गाठ कुणी घालून दिली? बाउसानेच.

खडूस_काका
बाप शोधायची ही खाज कधी जाणार? न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्येच सांगून ठेवलंय की 'स्पॅनिश' झाक नसेल तर जॅझला चव येत नाही. 'सेंट लुईस ब्लूज' हे गाणं १९१४ चं, त्यात हबानेरा या क्यूबन नाचाची लय आहे. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला ह्वान तिझोल पोर्तो रिकोचा, त्याचं 'कॅराव्हॅन' १९३६ चं. बाउसा तेव्हा चिक वेबकडे नोकरीला होता.

कोथरूडचा_कॉर्नेट
काका, झाक असणं वेगळं आणि पाया असणं वेगळं. क्यूबन संगीत क्लावे या ठेक्यावर उभं असतं. दोन बारमध्ये (बार म्हणजे तालाचा एक ठरावीक भाग) पाच ठोके, तीन-दोन किंवा दोन-तीन असे वाटलेले. पियानो, बास, ट्रम्पेट, सगळ्यांनी त्याला धरूनच वाजवायचं. तो सुटला तर सम चुकलेल्या गवयासारखी गत होते. एलिंग्टनच्या बँडला ती सक्ती नव्हती. माचितोच्या बँडमध्ये ब्रासचे तुकडेसुद्धा क्लावेत बसवलेले असत. आता डिझी आणि चानो पोसो यांचं 'मांतेका' ऐका. चानो पोसोचा भाग जबरदस्त, पण मधे डिझीने स्वतः रचलेले सोळा बार आले की क्यूबा बाजूला राहतो आणि सरळ जॅझ सुरू होतं.

खडूस_काका
मग तेच तर लॅटिन जॅझ! दोन्ही बाजू दिसायला नकोत?

बेसूर_बाजा
मी मूळ धाग्याशी असहमत, कारण वेगळं. बाउसाबद्दलचे बरेचसे किस्से बाउसानेच सांगितलेले आहेत. दोन आठवड्यांत ट्रम्पेट शिकलो, हे तोच सांगायचा. आजारी असल्याची थाप मारून कॅलोवेच्या बँडमध्ये आपल्या जागी डिझीला पाठवलं, हेही त्याचंच. गायिका एला फिट्झजेराल्डला चिक वेबपर्यंत कुणी नेलं याचे तर दावेदार कितीतरी. मुलाखती देत देत माणूस दीर्घायुषी झाला की इतिहासात त्याची जागा आपोआप रुंदावते.

आणि ट्रम्पेटचं म्हणाल, तर बाउसाचा कुठला सोलो तुमच्या कानात आहे? तो सेक्शनचा, म्हणजे इतरांबरोबर मिळून वाजवणारा माणूस, बँड बांधणारा. डिझीचे सोलो पोरं आजही सूर न् सूर घोटतात.

पणजी_एक्सप्रेस
अवांतर: आपल्याकडे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांनी मुंबईच्या सिनेसंगीताचे वाद्यमेळ लिहिले. श्रोत्यांना संगीतकाराचं नाव पाठ, यांची नावं आता आता कळायला लागली. बाउसाचं तेच झालं. पोस्टरवर माचितो, पडद्यामागे हा.

बेसूर_बाजा
तुलना पटली नाही. बाउसाला कुणी लपवलं नव्हतं. माचितो गायचा, म्हणून नाव त्याचं. १९४३ मध्ये माचितो लष्करात गेला तेव्हा क्यूबाहून त्याची बहीण ग्रासिएला गायला आली आणि बँड चालू राहिला, कारण सूत्रं बाउसाकडे होती. शहरातल्या वादकांना हे ठाऊक होतं. जॅझचा मोठा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याने १९४८ मध्ये याच बँडबरोबर रेकॉर्डिंग केलं.

कोथरूडचा_कॉर्नेट
हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. राहिला किस्स्यांचा प्रश्न: चानो पोसो बाउसामुळे मिळाला हे खुद्द डिझीने मान्य केलंय. त्याला तर स्वतःकडे श्रेय ठेवायची पुरेपूर संधी होती.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बाउसाने माचितोचा बँड सोडला. त्यानंतर ऐंशीच्या घरात पोचल्यावर कुठे त्याच्या स्वतःच्या नावाच्या बिग बँडचे अल्बम गाजले, तेही एका जर्मन कंपनीने काढलेले. १९९३ मध्ये गेला.

खडूस_काका
जर्मन कंपनीचं श्रेय मात्र मान्य. 'टांगा'ची १९९२ ची आवृत्ती आत्ताच लावली. बापाचा वाद बाजूला ठेवा आणि त्यातले ट्रम्पेट ऐका. उरलेलं भांडण रविवारी.