‘डेरगं’ला प्रमाण मराठीत काय म्हणायचं?

(बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

अमळनेर : एका अहिराणी मजकुराचं प्रमाण मराठी करताना एका शब्दापाशी अडलंय. वाक्य आहे, ‘आवंदा तेस्ना घर डेरगं शे.’ पहिल्या खर्ड्यात ‘यंदा त्यांच्याकडे कलशपूजन आहे’ असं झालं आणि वाचणाऱ्याला त्या घरात मंगलकार्य आहे असं वाटलं. मूळ वाक्य नेमकं उलट सांगतं : वर्षाच्या आत त्या घरचं माणूस गेलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुन्या पितरांची घागर भरतात, नुकत्या गेलेल्याचं डेरगं. हे एका शब्दात कसं आणावं?

पुणे : ‘उदकुंभ’ घ्या. वैशाख शुद्ध तृतीयेला उदकुंभाचंच दान सांगितलंय, दानाच्या मंत्रात त्याला ‘धर्मघट’ म्हटलंय. शब्द शुद्ध आहे आणि सगळीकडे कळेल.

धुळे : कळेल, पण काय कळेल? उदकुंभ तर घागरीलाही म्हणता येतं. ‘आवंदा डेरगं का घागर?’ एवढ्या प्रश्नात सोयऱ्यांना कळतं की घरचं दुःख ताजं आहे की जुनं. तोच फरक पुसला तर भाषांतर कशाचं केलं? डेरगं तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथं ‘वर्षभरात गेलेल्याच्या नावानं भरलेलं मातीचं लहान भांडं’ एवढं जोडा.

चोपडा : शब्द परका मुळीच नाही. पोर–पोरगं, तसं डेरा–डेरगं. डेरा म्हणजे मोठ्या पोटाचं मातीचं भांडं, ताक घुसळायचा डेरा प्रमाण मराठीतही आहे. त्याचं लहान रूप ते डेरगं. डेरेदार झाडही याच डेऱ्यावरून, गोल पोटाचं.

पुणे : डेरेदार तंबूच्या डेऱ्यावरून. झाड तंबूसारखं पसरतं, भांड्यासारखं फुगत नाही.

चोपडा : भर वैशाखातला आंबा लांबून बघा. बुंध्याशी अरुंद, मधे फुगीर, वर पुन्हा आवळलेला. आणि माणसाची ढेरी?

धुळे : भाऊ, ड आणि ढ एवढ्या सहज एकमेकांत मिसळू नका. पोरगं–डेरगं पटलं, ढेरी नाही पटली.

यावल : शब्दाआधी वस्तू नीट मांडा, कारण मजकुरात पुढे मांडणीचं वर्णन येणारच. मडकं घेताना टिचकी मारून बघतात. खणखणीत वाजलं तर घ्यायचं. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. नवं भांडं आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवतात. कोरडंच भरलं तर माती पाणी पिते आणि पूजा होईतो पातळी खाली जाते. बूड गोल असतं, म्हणून खाली चुंबळ किंवा गव्हाची रास हवी. नुसत्या पाटावर ठेवलं की डुगडुगतं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं की कलंडतं. गव्हाची रास करायची तर खाली ताट घ्या. भांडं पाझरतं, गहू भिजतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वास येतो. काठोकाठ भरायचं नाही, गळ्याखाली चार बोटं सोडायची. नाहीतर तोंडावरचा लोटा टेकताच पाणी सांडतं. लोट्यावर डांगर (देशावर डांगर म्हणजे भोपळा, इथेही भाषांतर घसरेल), सोबत आंबे आणि सांजोऱ्या. मग उंबऱ्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं बोट ओढायचं आणि निखाऱ्यावर आगारी टाकायची. ‘आगारी’ला काय लिहिणार, ‘अग्नीत घास’?

अमळनेर : आगारीचं पुढे बघू. आधी डेरगं. ते भांड्याचं नाव धरायचं की विधीचं?

धुळे : दोन्ही. ‘डेरगं आणलं’ म्हणजे भांडं, ‘डेरगं शे’ म्हणजे विधी. लग्नातल्या ‘हळद’सारखं.

अकोला : वऱ्हाडात याच दिवशी करा-केळी, म्हणजे मातीची दोन भांडी, भरतात. ‘करा’ घ्या की, जुना शब्द आहे. संस्कृत ‘करक’, अमरकोशात कमंडलू असाही अर्थ. आमलकचा आवळा, कंटकचा काटा, तसा करकचा करा. नवरीमागे करा धरून उभी राहते ती करवली.

पुणे : पण ‘करा’ छापलं की तपासणारा त्याला आज्ञार्थ समजून वाक्यच बदलतो. ‘कऱ्हा’ लिहा. लग्नात ‘कऱ्हादिवा’च म्हणतात.

अकोला : करकात ह कुठे आहे? कऱ्हाडात शोभतो, तिथे मूळ करहाटक आहे. इथे तो नुसता उच्चारात शिरला.

चोपडा : मग कऱ्हा नदीचं काय? ब्रह्मदेवाच्या कमंडलूतून निघाली अशीच तिची कथा आहे, आणि ह तिच्या नावातही आहे.

अकोला : नावावरून कथा रचतात, भाऊ. कथेवरून व्युत्पत्ती काढू नका.

पुणे : उच्चारात शिरलेला ह शेकडो घरांत बोलला जात असेल, तर तो लिहायला हरकत काय?

धुळे : हेच ‘डेरगं’बद्दल मान्य करा की मग!