मदत हवी आहे: मोबाइलवर वेबकॉमिक्स आणि कॉमिकवरून निघालेले सिनेमे, सुरुवात कुठून करावी?

ऐरोलीकर:
ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत एक हात कडीला आणि एक हात मोबाइलवर, अशा अवस्थेत वाचता येतील अशी वेबकॉमिक्स हवी आहेत. फोन साडेसहा इंची अँड्रॉइड, तूर्तास पैसे घालायचे नाहीत. पानांचं कॉमिक उघडलं की फुग्यातली अक्षरं मुंगीएवढी दिसतात, आणि झूम केलं की कुठली चौकट आधीची तेच कळत नाही. गाडीत नेटवर्क गेलं की चित्रं अर्धवट येतात.
दुसरं, कॉमिकवरचे सिनेमे आधी बघावेत की आधी मूळ वाचावं? आणि ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ घरच्या नव्या टीव्हीवर विचित्र गुळगुळीत दिसतो, कडांना रंग दुहेरी दिसतात. टीव्हीत दोष आहे का?

उभी_चौकट:
फोनसाठी मुळातच उभी रचलेली कॉमिक्स घ्या. वेबटून आणि टापास या दोन्ही अ‍ॅपवर ती मिळतात. एका वेळी साधारण एकच चौकट समोर येते, अंगठ्याने वर सरकवत जायचं, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच उरत नाही. यात दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. पात्र दार उघडतं आणि पुढे बोटभर काळी पट्टी येते, तेव्हा चित्रकाराला तुम्हाला तिथे थांबवायचं असतं. झरझर सरकवलंत तर भीतीही जाते आणि विनोदही. चोरीच्या साइटवर वाचू नका असं मी सांगते त्याचं हेही एक कारण आहे. तिथे चित्रं पुन्हा दाबून चढवतात, अक्षरं फुटतात आणि बऱ्याचदा ही मोकळी जागाच कापलेली असते. कलाकाराला दमडी मिळत नाही ते वेगळंच.

भाग घरच्या वायफायवर डाउनलोड करून निघा. डाउनलोड ठरावीक दिवसांनी आपोआप उडतं, म्हणून महिन्याभराचा साठा करू नका. फोनचा पिवळा ‘आय कम्फर्ट’ फिल्टर वाचताना बंद ठेवा. अनेक मालिकांत आठवणींचे प्रसंग नुसत्या रंगछटेने वेगळे केलेले असतात, फिल्टरखाली ते कळतच नाहीत. पुढचे भाग आधी वाचायला अ‍ॅप कॉइन्स (पैसे देऊन घ्यायची अ‍ॅपमधली नाणी) मागेल. ती घाई न केल्यास बहुतेक चालू मालिकांचे तेच भाग नंतर फुकट उघडतात.

पानांचंच कॉमिक वाचायचं असेल तर फोन आडवा करा आणि वाचायच्या अ‍ॅपमध्ये ‘फिट विड्थ’ (पान पडद्याच्या रुंदीइतकं) निवडा. अर्धं पान दिसतं, अक्षरं वाचण्याजोगी होतात. जपानी मांगा असेल तर दिशा उजवीकडून डावीकडे करायला विसरू नका.

‘एक्सकेसीडी’ (xkcd) हे वेबकॉमिकही बघाच. 2005पासून चालू आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवारी नवं येतं. काड्यांची माणसं आहेत, पण डोकं तल्लख. त्यातला एक विनोद चित्रामागे दडलेला असतो, संगणकावर माउस नेला की दिसतो. फोनवर मात्र पत्त्याच्या आधी ‘एम.’ लावून मोबाइल आवृत्ती उघडा आणि ‘ऑल्ट-टेक्स्ट’वर टिचकी मारा.

पडदाप्रेमी_वाशी:
टीव्ही ठणठणीत आहे, त्याचं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, चालू राहिलंय. त्या सिनेमात बरंचसं अ‍ॅनिमेशन सेकंदाला 24 फ्रेम (चित्रं) असूनही एकेक पोझ दोन फ्रेम धरून ठेवतं, म्हणजे सेकंदाला 12 पोझ. जंगलातल्या झोके घेण्याच्या प्रसंगात नवशिक्या स्पायडर-मॅनची, माइल्सची, हालचाल अशी तुटक आहे, तर सरावलेल्या स्पायडर-मॅनची, पीटरची, प्रत्येक फ्रेमला बदलते. टीव्ही दोन फ्रेमच्या मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम भरतो आणि तो फरक पुसून टाकतो. हालचालीतूनच पात्र सांगितलेलं आहे, ते वाया जाऊ देऊ नका.
सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’ बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर सरळ तोच लावा. कडांचे सरकलेले रंग मात्र मुद्दाम केलेले आहेत. स्वस्त छपाईत रंगाचे ठसे जागेवर बसत नसत, तोच परिणाम इथे दूरचं अंधुक दाखवायला वापरलाय. चित्रात दिसणारे ठिपकेही जुन्या छपाईचीच नक्कल.

आधी काय? ‘हार्टस्टॉपर’ हे वेबकॉमिक आधी वाचा. 2016पासून ते वेबवर फुकट आहे, आणि 2022च्या मालिकेत पडद्यावर उडणारी रेखाटलेली पानं कुठून आली ते मग कळतं. मालिकेची पटकथाही मूळ लेखिका अ‍ॅलिस ओस्मन यांचीच, म्हणून सूर सुटत नाही. ‘स्कॉट पिलग्रिम’ला उलट करा, आधी सिनेमा. शेवटचा सहावा खंड जुलै 2010चा, सिनेमा ऑगस्ट 2010चा. चित्रीकरण होईपर्यंत तो खंड आलेलाच नव्हता, म्हणून शेवट वेगळे आहेत. सिनेमाचा वेग आधी अनुभवा, मग खंडांतली माणसं सावकाश भेटतील. ‘निमोना’चं मूळ वेबकॉमिक (2012–14) 2023च्या सिनेमापेक्षा बरंच काळोखं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर सिनेमाच दाखवा.

ऐरोलीकर:
मोशन बंद केलं, पण नेटफ्लिक्सवर अजून तसंच गुळगुळीत. आणि मराठीत असं काही आहे का?

नौपाडा_वाचक:
‘चिंटू’ आहे की! चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली, श्रीरंग गोडबोल्यांचा सिनेमा 2012चा. मूळ तीन-चार चौकटींत संपतं, त्याला सलग गोष्ट नाही, त्यामुळे सिनेमाला कथानक नव्याने उभं करावं लागलं. आधी मूठभर पट्ट्या वाचा, म्हणजे पप्पू, मिनी, बगळ्या ओळखीचे होतील.

पडदाप्रेमी_वाशी:
बऱ्याच टीव्हींत पिक्चर सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. तुम्ही एचडीएमआयवर बंद केलं असणार. नेटफ्लिक्समध्ये काहीतरी चालू ठेवून तिथूनच मेनू उघडा आणि पुन्हा बंद करा. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं) चित्र सुरू झालं की मोडही बदलतो, तेव्हा त्यातही एकदा तपासा.