डेटाबेसमधून ३८६ प्रमाणपत्रं काढायची आहेत, पण मराठी नावं छापताना मोडतात

वर्गसमन्वयक:

नमस्कार. मी एका स्वयंसेवी गटासाठी ऑनलाइन वर्ग चालवते. स्प्रेडशीट कशी वापरायची याचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. आठवड्याला एक तास आणि एकूण चार स्वाध्याय. सहापैकी किमान पाच तासांना हजेरी आणि चारही स्वाध्याय पूर्ण असतील तर प्रमाणपत्र, एवढाच नियम.

पहिल्या तुकडीत साठ जण होते. तेव्हा सादरीकरणाच्या फाइलीत एकेक नाव हाताने टाकलं, पीडीएफ काढली आणि ज्याची त्याला मेल केली. दोन संध्याकाळी गेल्या, आणि तरीही दोघींना एकमेकींची प्रमाणपत्रं गेली. त्यातल्या एकीने छापायला दिल्यावर तिच्या ते लक्षात आलं. मला ते फार लागलं. माणूस दिवसभराचं काम आटपून सहा आठवडे वर्गाला बसतो आणि शेवटी आपण त्याच्या हातात दुसऱ्याच कुणाचं नाव ठेवतो.

आता सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे: सहभागी, हजेरी आणि स्वाध्याय अशी तीन टेबलं. क्वेरीनुसार, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नानुसार, ३८६ जण पात्र ठरतात. वर्डमधलं मेल मर्ज (एकाच नमुन्यात यादीतलं प्रत्येक नाव भरायची सोय) करून पाहिलं तर ३८६ पानांची एकच फाइल हातात आली. मग पायथनमध्ये रिपोर्टलॅब ही पीडीएफ बनवणारी लायब्ररी वापरून स्क्रिप्ट लिहिली. फाइली वेगवेगळ्या झाल्या, पण नावं मोडली. ‘निवृत्ती’मधली ऱ्हस्व वेलांटी न च्या आधी दिसायला हवी, ती नंतर येऊन बसते. ‘प्रज्ञा’चं तर प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ, काना असं सुटं सुटं होतं. तीन फॉन्ट बदलून पाहिले, काही फरक नाही.

नावं नीट येतील, प्रत्येकाची फाइल वेगळी होईल आणि ज्याची त्यालाच जाईल असं काय करता येईल?

शीटवाला:

स्क्रिप्टच लिहायला हवी असं नाही. लिबरऑफिस रायटरच्या मेल मर्जमध्ये प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल साठवायची सोय आहे आणि देवनागरीही नीट येते.

मी स्वतः गूगल शीट, स्लाइड्स आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट वापरतो. स्लाइडवर नावाच्या जागी महिरपी कंसात ‘नाव’ लिहून ठेवायचं. स्क्रिप्ट दर ओळीला त्या स्लाइडची प्रत काढते, कंसातला शब्द बदलते, पीडीएफ बनवते आणि मेल करते. पहिल्या वेळी माझ्या सगळ्या पीडीएफमध्ये कंसातला ‘नाव’ जसाच्या तसा आला होता. स्लाइड उघडून बघावी तर तिथे नाव बदललेलं! बदल केल्यावर प्रत ‘सेव्ह अँड क्लोज’ केल्याशिवाय पीडीएफ काढली तर ती जुन्याच मजकुराची निघते. ही एक ओळ विसरू नका.

दोन मर्यादा आहेत. स्क्रिप्ट एका वेळी सहा मिनिटंच चालते, आणि साध्या खात्यावरून तिला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात. म्हणजे तुमचं काम चार दिवसांत विभागून करावं लागेल. शीटमध्ये ‘पाठवलं’ असा रकाना ठेवा आणि मेल गेल्या गेल्या त्यात वेळ नोंदवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करता येतं.

अक्षरजुळणी:

फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ‘नि’ साठवताना आधी न आणि मग वेलांटी असाच क्रम असतो. छापताना ती डावीकडे नेणं, प आणि र जोडून प्र करणं, हे काम मजकूर मांडणाऱ्या प्रोग्रामचं. लिबरऑफिस आणि बरेचसे ब्राउझर ते हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ही पायरीच नाही, म्हणून अक्षरं साठवलेल्या क्रमाने नुसती एकामागून एक उमटतात. चित्रावर नाव लिहायला पायथनची पिलो ही लायब्ररी वापरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. तिथे राक्म ही लायब्ररी सोबत असेल तरच जोडाक्षरं जुळतात.

मी प्रमाणपत्र एचटीएमएल पानासारखं रचतो, जिंजा या साधनाच्या टेम्प्लेटमध्ये नाव भरतो आणि वीझीप्रिंट या पायथन लायब्ररीने पीडीएफ काढतो. वीझीप्रिंट मजकूर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीकडे देतं आणि पँगो हार्फबझकडे, त्यामुळे ‘निवृत्ती’ निवृत्तीच राहते. पानाच्या सुरुवातीला भाषेचा संकेत ‘एमआर’ असा आवर्जून द्या. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श मराठी वळणाचे येतात. आपलं नाव आपल्या वळणाने छापलेलं दिसलं की वाचणाऱ्याला ते जाणवतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठीसाठीच केलेला आहे.

लांब नावांसाठी एक सूचना. अक्षरं मोजून नावाचा आकार ठरवू नका. ‘श्री’ कागदावर एक अक्षर आहे, पण पायथनच्या मोजणीत ते चार भरतं: श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यादीतलं कागदावर सर्वांत रुंद भरणारं नाव काढा आणि त्यावर रचना तपासा.

आणि एक विचारतो. ३८६ हा आकडा आला कुठून? क्वेरी काय आहे ते शब्दांत सांगाल का?

वर्गसमन्वयक:

सहभागी टेबलाला आधी हजेरी जोडली, मग स्वाध्याय जोडला. दोन्हीकडे सहभागी क्रमांकावर. त्याच क्रमांकावर गट केले. हजेरीच्या नोंदी पाच किंवा जास्त आणि स्वाध्यायाच्या चार किंवा जास्त, अशी अट घातली. आकडा थोडा जास्त वाटला होता, पण तुकड्या मोठ्या होत्या म्हणून तसा असेल असं मला वाटलं.

अक्षरजुळणी:

शंका होतीच. दोन टेबलं अशी एकाच क्वेरीत जोडली की हजेरीची प्रत्येक नोंद स्वाध्यायाच्या प्रत्येक नोंदीशी जुळते आणि त्यांचा गुणाकार होतो. समजा एखादी व्यक्ती दोनच तासांना आली, पण चारही स्वाध्याय दिले. तिच्या आठ ओळी तयार होतात. तुमची क्वेरी हजेरी आठ मोजते, आठ पाचपेक्षा जास्त, म्हणून ती पात्र. पाच तासांना येऊन एकच स्वाध्याय देणाराही असाच सुटतो, कारण त्याचे स्वाध्याय पाच मोजले जातात. क्वेरी कुठेच चूक दाखवत नाही, म्हणून हे लक्षात येत नाही.

हजेरीची बेरीज स्वतंत्र काढा, स्वाध्यायाची स्वतंत्र काढा, आणि ती दोन उत्तरं सहभागींना जोडा. हे होईपर्यंत एकही फाइल पाठवू नका.

नोंदवही:

क्रमांकाबद्दल थोडं. प्रमाणपत्राचा क्रमांक छापताना तयार करू नका, आधी डेटाबेसमध्ये कायमचा नोंदवा. नाहीतर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की त्याच माणसाला नवा क्रमांक मिळतो. पडताळणीसाठी क्यूआर कोड छापणार असाल तर त्यातल्या पत्त्यात १, २, ३ असा क्रम नको. कुणीही आकडा बदलून सगळ्यांची नावं वाचत बसेल. पोस्टग्रेस १३ पासून यादृच्छिक यूयूआयडी (अंदाज न करता येणारा लांबलचक क्रमांक) देणारं फंक्शन आतच आहे, ते वापरा. पडताळणीच्या पानावर नाव, अभ्यासक्रम आणि तारीख एवढंच दाखवा. ईमेल, फोन तिथे दिसता कामा नये.

वर्गसमन्वयक:

काम झालं. काय काय घडलं ते सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

क्वेरी दुरुस्त केल्यावर ३८६चे ३५१ झाले. पस्तीस जणांना न मिळवलेलं प्रमाणपत्र मी पाठवणार होते. त्यातला एक जण दोनच तासांना आला होता, अगदी तुमच्या उदाहरणासारखा. मी त्या ३५ जणांच्या नोंदी एकेक करून हाताने तपासल्या, कारण उलटी चूकही मला नको होती. एकही पात्र माणूस गळला नव्हता. अक्षरजुळणी, तुम्ही तो प्रश्न विचारलात त्याबद्दल मनापासून आभार.

मग नऊ प्रमाणपत्रांवर नावाची जागा पूर्ण कोरी आली. मी नाव, मधलं नाव आणि आडनाव दोन उभ्या दांड्यांच्या चिन्हाने जोडत होते. या नऊ जणांच्या मधल्या नावाचा रकाना रिकामा, म्हणजे नल होता, आणि नलला काहीही जोडलं तरी उत्तर नलच येतं. ‘कॉन्कॅट डब्ल्यूएस’ हे फंक्शन वापरल्यावर रिकामा भाग गळून बाकीचं नाव नीट आलं.

त्यानंतर जे केलं ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. छापण्याआधी प्रत्येकाला मेल केली: ‘प्रमाणपत्रावर तुमचं नाव असं छापलं जाईल. बदल असेल तर चार दिवसांत कळवा.’ ४१ जणांनी बदल कळवले. कुणी नोंदणी घाईत केली होती, कुणी नाव इंग्रजीत भरलं होतं, कुणाला मधलं नाव नको होतं. नाव कसं लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, आपण डेटाबेसकडे बोट दाखवू नये.

पण त्या ४१पैकी सहा चुका सर्वस्वी माझ्या होत्या. एकीने लिहिलं, ‘माझ्या आडनावात रफार नाही.’ आडनाव गोऱ्हे. माझ्या यादीत ते गोर्हे झालं होतं. मूळ नोंदणी उघडली तर तिने बरोबरच लिहिलं होतं. हा ऱ्ह दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. तिच्या कळफलकावरून दुसरा प्रकार आला होता. आणि मी नावांतल्या जास्तीच्या मोकळ्या जागा काढताना ‘अदृश्य चिन्हं सगळी काढून टाका’ अशी ओळ लिहिली होती. जोडचिन्ह गेलं आणि र डोक्यावर चढून रफार झाला. सहाही नावं अशीच बिघडली होती. आता स्क्रिप्ट आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही शोधून त्या जागी ऱ आणि हलन्त ठेवते, मग बाकीची सफाई करते. मराठी नावांची यादी साफ करणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पाठवण्याचं काम सुरळीत झालं. फाइल आणि ईमेल पत्ता दोन्ही एकाच ओळीतून घेतले, फाइलीला नाव न देता प्रमाणपत्र क्रमांक दिला, आणि पहिल्या वीस मेली स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून एकेक उघडून पाहिल्या. २१२वी मेल गेल्यावर जोडणी तुटली. शीटवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे पाठवल्याची वेळ टेबलात नोंदवत होते, म्हणून २१३पासून पुढे सुरू केलं. कुणालाही दोनदा गेली नाही.

क्रमांक नोंदवहींनी सांगितला तसाच आधी डेटाबेसमध्ये नोंदवला आहे. पुढे नावात दुरुस्ती निघाली तर क्रमांक तोच राहील आणि फाइल नवी जाईल.

गोऱ्हे यांची पीडीएफ मात्र मी वेगळी उघडली, चौपट मोठी करून पाहिली आणि मगच पाठवली. ऱ्ह बरोबर आला आहे.