फास्ट: शब्द तीन नव्हेत, एकच

इंग्रजी ‘फास्ट’चे (fast) तीन अर्थ आहेत: ‘वेगवान’, ‘पक्का’ आणि ‘उपवास’. हे तीन वेगळे शब्द असून स्पेलिंग योगायोगाने सारखं आहे, असं कुणी म्हणतं, ते मला पटलं नाही. तिन्ही एकाच मुळातून आलेत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता घट्ट, अढळ. वेग नंतर चिकटला. तो कसा, हे समजायला आपलं ‘जोरात’ बघा. ‘हात जोरात धर’ म्हणजे घट्ट आणि ‘जोरात पळ’ म्हणजे वेगाने. इंग्रजीतही तसंच, घट्टवरून जोमाने आणि जोमावरून वेगाने. उपवास म्हणजे नेम घट्ट पाळणं, आणि तो सोडणं म्हणजे ब्रेकफास्ट!

मुंबईच्या मराठीत यातले दोन अर्थ रोजच्या वापरात आहेत. स्टेशनवरची घोषणा लोकलला ‘जलद’ म्हणते, पण जिथे ती थांबत नाही त्या करी रोडला उतरणारा माणूस शेजाऱ्याला ‘फास्ट आहे का?’ असंच विचारतो. आणि मंगलदास मार्केटात कापड घेताना ‘कलर फास्ट आहे ना?’ विचारलं जातं, तेव्हा तो मूळचा, हजार वर्षांपूर्वीचा अर्थ असतो. मला हे फार आवडतं.