सीलंट भरण्याआधी मोडलेला काटा काढावा
ट्रॅक्टरच्या टायरमध्ये सीलंट (पंक्चरचे भोक आतून आपोआप बुजवणारे घट्टसर द्रव) एकदा भरले की बाभळीच्या काट्यांची चिंता मिटते, असे म्हटले जाते. ट्यूबलेस टायरपुरते ते बऱ्याच अंशी खरे असले, तरी आपल्याकडे ट्यूबचे टायर असलेले ट्रॅक्टर पुष्कळ आहेत आणि तिथे गोष्ट वेगळी आहे. टायरमध्ये मोडून राहिलेले टोक चाक फिरेल तसे ट्यूबला घासत राहते, भोक लांबट होत जाते आणि सीलंटमधील तंतूंना ते बुजवता येत नाही. आमच्या पुढच्या ६.००-१६ मापाच्या टायरमधले वेड्या बाभळीचे टोक बाहेरून दिसतच नव्हते. आतून सुती फडके फिरवल्यावर त्याचा धागा अडकला, तेव्हा कुठे ते पकडीने ओढून काढता आले. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरले असेल, तर सीलंट त्यात पातळ होते, म्हणून तिथे हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीत काटा गेला, तर ते भोकही सीलंटने बुजत नाही. सीलंट भरल्यावर लगेच ट्रॅक्टर थोडा चालवावा, म्हणजे थर आत सगळीकडे पसरतो. पुढे पॅच लावायची वेळ आली, तर पंक्चरवाल्याला सीलंटची कल्पना आधीच द्यावी, कारण ट्यूब धुऊन कोरडी केल्याशिवाय पॅच चिकटवायचे सोल्युशन धरत नाही.