एफ-१५० च्या ५.० व्ही८ साठी कॅट-बॅक एक्झॉस्ट कुठला घ्यावा?

ह्यूस्टनकर
गाडी फोर्ड एफ-१५० पिकअप, २०१८ चं मॉडेल, ५.० व्ही८, सुपरक्रू (चार दारांची मोठी कॅब), साडेपाच फुटी बेड (मागचा हौदा), १० स्पीड गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.५५. कंपनीचा सायलेन्सर इतका मुका आहे की आत व्ही८ आहे हे बाहेर कळतच नाही. म्हणून कॅट-बॅक, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि मफलर (सायलेन्सर), बदलायचाय. रोज हायवेने ७० मैलांच्या वेगात जाणंयेणं, अधूनमधून मागे बोटीचा ट्रेलर. आवाज हवा, पण केबिनमध्ये डोकं उठवणारा ड्रोन (एकसुरी घुमणारा आवाज) नको, मागे पोरं झोपतात. चेंबरवाला मफलर घ्यावा की स्ट्रेट-थ्रू? स्टील कुठलं? ताकद खरंच वाढते का? घरी बसवता येतो का?

पाना_तेरा
ताकदीसाठी घेणार असाल तर पैसे ठेवा खिशात. या इंजिनाचा मूळ एक्झॉस्ट काही तुंबलेला नाही. नुसत्या कॅट-बॅकने बुडाला जाणवेल एवढा फरक पडत नाही. आवाजासाठी घ्या, ते कारण पुरेसं आहे.

चेंबरवाल्या मफलरमध्ये पत्र्याचे पडदे असतात, आवाज त्यांवर आपटून परततो. जुन्या अमेरिकन व्ही८ चा गडगडाट हवा असेल तर तो हाच, पण ड्रोनची तक्रारही यातच जास्त. स्ट्रेट-थ्रूमध्ये मधून भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती भरलेली लोकर. क्रूझिंगला शांत राहतो, पाय दाबला की उघडतो. स्वस्त मालात ती लोकर जळून उडते आणि आवाज दरवर्षी चढत जातो.

तुमच्या वापराला लांब बॉडीचा स्ट्रेट-थ्रू, ३ इंची सिंगल पाइप. ४ इंचीच्या नादी लागू नका, या इंजिनाला गरज नाही आणि आवाज पोकळ होतो. बोर्ला कंपनीत एस-टाइप मॉडेल बघा, अ‍ॅटॅक नको. तो पोरांना झोपू देणार नाही. कोर्सा कंपनीच्या किटात ड्रोन मारण्याची सोय मफलरमध्येच आहे, पण किंमत चढी. मॅग्नाफ्लो मधला मार्ग.

टोक मूळ जागीच, उजव्या मागच्या चाकाच्या मागे ठेवा. चाकाच्या पुढे बाजूला काढलेला पाइप थेट केबिनखाली वाजतो. दोन टोकांचा किट स्टेपनी आणि ट्रेलरच्या वायरिंगजवळून जातो, आणि सरळ मागे काढला तर धूर बोटीवर बसतो.

सप्तक
ड्रोनचं गणित करून बघा, अंदाजपंचे घेऊ नका. तुमच्या रेशोला दहाव्या गिअरमध्ये ७० मैलांवर इंजिन साधारण १,७०० आरपीएमवर फिरतं. व्ही८ मध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात चार स्फोट, म्हणजे सेकंदाला ११३ च्या आसपास. केबिन नेमकी अशाच खालच्या सुरांना घुमते.

किट बसवून ड्रोन आलाच तर फोनवर स्पेक्ट्रमचं अ‍ॅप लावून (सोबतच्या माणसाच्या हातात द्या) नेमका सूर मोजा. मग मफलरच्या मागे बंद टोकाची एक बाजूची नळी वेल्ड करून घ्या, जे-पाइप म्हणतात ती. लांबी म्हणजे गॅसमधला ध्वनिवेग भागिले सुराची चौपट. ३०० अंश सेल्सिअसच्या गॅसमध्ये वेग सेकंदाला ४८० मीटर धरा. ११३ हर्ट्झला उत्तर १.०६ मीटर, म्हणजे सुमारे ४२ इंच. व्यास मुख्य पाइपइतकाच ठेवा. वेल्ड करण्याआधी क्लॅम्पवर लावून दोन-तीन इंच कमीजास्त करून बघा, कारण प्रत्यक्ष तापमान नळीत वेगळं असतं.

२०२१ पासूनच्या ५.० ला मात्र हे एवढ्यावर भागत नाही. त्यात हलक्या लोडला चार सिलिंडर बंद होतात, सूर निम्म्यावर येतो, नळी दुप्पट लागते.

मिशिगनचा_गंज
स्टीलबद्दल. अ‍ॅल्युमिनाइज्ड म्हणजे साध्या स्टीलवर अ‍ॅल्युमिनियमचा थर. वेल्ड आणि कापलेल्या कडा पहिल्यांदा कुजतात. ४०९ आणि ३०४ हे स्टेनलेसचे ग्रेड. ४०९ ला चुंबक चिकटतो, वर तांबूस होतो पण लवकर आरपार जात नाही. ३०४ सगळ्यात टिकाऊ. आमच्याकडे रस्त्यावर मीठ पडतं म्हणून ३०४ शिवाय इलाज नाही. ह्यूस्टनला मीठ नाही, ४०९ चालेल. पण बोट खाऱ्या पाण्यात उतरवत असाल आणि मागचं चाक रॅम्पवर भिजत असेल, तर ३०४ च घ्या.

पाना_तेरा
बसवायचं: घरी होतं, अर्धा दिवस धरा. ऑर्डर करताना कॅब आणि बेड दोन्ही बघा. तुमचा व्हीलबेस १४५ इंची, साडेसहा फुटी बेडवाल्या सुपरक्रूचा १५७. चुकीचा आला तर पाइप एक फूट लांब.

आदल्या रात्री क्लॅम्पच्या नटांवर पेनेट्रेटिंग ऑइल मारा. रबरी हँगरांना ते नको, साबणाचं पाणी लावा, रबर सरकतं. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर), नुसत्या जॅकवर नाही. जुना पाइप अ‍ॅक्सलवरून अखंड निघत नाही. मफलरच्या मागे सरळ भागात काटकोनात कापा, म्हणजे पुढेमागे क्लॅम्पने जोडून परत लावता येतो.

आता जिथे बहुतेकांचं बिघडतं ते. नवा किट पूर्ण सैल लावा, मग पुढून मागे आवळत या. पहिलाच क्लॅम्प आवळून पुढे गेलात तर टोक वाकडं येतं आणि पाइप स्प्रिंगला टेकतो. ब्रेक लाइन आणि चेसिसपासून पाऊण इंच जागा सोडा: ३०४ चा अडीच मीटर पाइप तापला की १२ मिलिमीटरपर्यंत लांबतो. गार असताना मोकळा वाटणारा पाइप हायवेवर खडखडतो तो यामुळेच. शंभर मैलांनी क्लॅम्प पुन्हा आवळा, गाडी गार असताना.

कॅटलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही. काढणं फेडरल कायद्याने गुन्हा, आणि पी०४२० आणि पी०४३० कोड लागून इंजिनचा दिवा पेटतो. कॅट-बॅक त्याच्या मागे असल्याने सेन्सरांना कळतही नाही. कटआउटही (मफलरला वळसा देऊन धूर थेट सोडणारी झडप) टेक्सासात चालत नाही.

सिंहगड_रोड
इथे पुण्यात बीएस-६ इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला असं काही करता येईल?

पाना_तेरा
डिझेलमध्ये डीपीएफच (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आवाज गिळतो, मागचा मफलर बदलून फार मिळत नाही. डीपीएफ काढलात तर प्रेशर सेन्सर गाडीला लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे ताकद मुद्दाम कमी होते, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत. त्या पैशात चांगले टायर घ्या.

ह्यूस्टनकर
बोट गॅल्व्हेस्टनला खाऱ्या पाण्यातच उतरते, म्हणजे ३०४. एस-टाइप, १४५ इंची, सिंगल. घोडे आहेत, क्लॅम्पच्या नटांना बहुतेक १५ चा डीप सॉकेट लागेल ना?

पाना_तेरा
बँड क्लॅम्पला बहुतेक वेळा १५ च. किट हातात आला की आधी एक नट मापून घ्या, गाडीखाली झोपल्यावर नको. इम्पॅक्ट गन लावू नका, बोल्टचे आटे जातात.